चादरीमागचा दवाखाना

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील विश्वस्त मंडळी आणि मुख्याध्यापिका, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या बाई, जमलेले आजी-माजी पालक, आणि पुढच्या सतरंजीवर आत्ताच चुळबुळ सुरू केलेल्या बालमित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या सेवेचा यथोचित गौरव केला. त्यात भर घालावी एवढी माझी योग्यता नाही. मी एका जुन्या विद्यार्थिनीची आई. चार शब्द बोला, असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं आणि मी ‘हो’ म्हणून बसले.

बाईंचा वर्ग ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, तिथे विकतचं खेळणं शोधून सापडायचं नाही. उलटं केलेलं टेबल म्हणजे होडी. खुर्च्या एकामागे एक मांडल्या की बस, आणि ड्रायव्हरच्या हातात स्टीलचं ताट. खोक्यावर बाटल्यांची झाकणं चिकटवली की झाली शेगडी. एकदा एका पालकांनी नाक मुरडून विचारलं होतं, बाई, हे भंगार कशाला साठवता? बाई त्यांना म्हणाल्या होत्या, बरं झालं भेटलात, तुमच्याकडे टीव्हीचं रिकामं खोकं आहे का? (बाई हसताहेत, म्हणजे मी खोटं बोलत नाही.)

तर अशा या लुटुपुटीच्या संसाराशी आमच्या घराचा संबंध कसा आला, ते सांगते. माझ्या लेकीची परवानगी घेतली आहे. ती तिकडे मागे उभी आहे.

ती तेव्हा बालवर्गात होती. सतत काहीतरी इकडून तिकडे वाहून न्यायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. त्या वर्षी कामावरून परतताना मला एका टेम्पोनं उडवलं. मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन टांगून मला दवाखान्यात झोपवून ठेवलं. लहान मुलांना वॉर्डात बंदी. पोर भेदरेल म्हणून सासूबाईंनी तिला सांगितलं, आई गावाला गेलीय. त्यांचा हेतू वाईट होता का? मुळीच नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच सांगितलं असतं.

सुरुवातीला मुंगी विचारायची, आई कधी येणार. मग विचारेनाशी झाली. घरच्यांना वाटलं, रुळली. माझे यजमान संध्याकाळी येऊन सांगायचे, पोर शहाणी झालीय, अजिबात त्रास देत नाही. ते ऐकून मी समाधानानं डोळे मिटायची. वर्गात मात्र तिनं तोंड मिटलं होतं. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

बाईंना माझ्या अपघाताचं कळलं होतं. त्यांनी मुंगीला काही विचारलं नाही. दोन बाकं जोडली, दोरीवर जुनी चादर टाकली, एका झाकणाला नाडी बांधून डॉक्टरांची नळी केली. डॉक्टर व्हायला अर्थातच झुंबड उडाली. इंजेक्शन द्यायला सगळे तयार, घ्यायला कुणीच नाही! शेवटी पेशंट म्हणून चिंध्यांच्या बाहुलीची नेमणूक झाली. मुंगी चादरीबाहेर जाऊन उभी राहिली आणि कुणाला आत सोडेना. तेव्हा बाई हातात पिशवी घेऊन पाहुण्यासारख्या गेल्या आणि म्हणाल्या, सिस्टर, पेशंटला भेटायचं होतं.

“आत कुणी नाही,” मुंगी म्हणाली. “ती गावाला गेली.”

“परत कधी येणार?”

“गावाला गेलेलं माणूस परत येत नाही. आमचे आजोबा कुठे आले?”

माझे सासरे आदल्या वर्षी वारले होते. तेव्हाही आम्ही तिला हेच सांगितलं होतं, आजोबा गावाला गेले. म्हणजे माझं लेकरू आपली आई मेली असं धरून, कुणाला न सांगता, रोज शाळेत येत होतं.

शाळा सुटल्यावर बाई आमच्या घरी गेल्या. कुणाला बोल लावला नाही, फक्त घडलं ते सांगितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. यजमान म्हणाले, आत्ताच्या आत्ता घेऊन जातो तिला. बाई म्हणाल्या, खरं काय ते आत्ताच सांगा, पण न्यायची घाई नको; टांगलेला पाय बघून ती आणखी घाबरेल. यजमानांनी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. एकदा फसलेलं माणूस लगेच विश्वास कसा ठेवेल?

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या बाहुलीचा पाय रिबिनीनं वर बांधलेला होता आणि रिबिनीच्या टोकाला वाळूची पुरचुंडी लोंबत होती. यजमानांना विचारून बाईंनी हुबेहूब माझी खाट मांडली होती. मुंगीनं पुरचुंडी सोडली, पुन्हा बांधली. बाहुलीला लुटुपुटीची पेज भरवली. असे काही दिवस गेले. तोवर बाईंनी वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांना भेटून थोड्या वेळाची परवानगी मिळवली.

मी त्या दुपारी केस विंचरून दाराकडे बघत पडले होते. ती बाईंचं बोट धरून आली. धावली नाही. आधी पायथ्याशी गेली, टांगलेलं वजन निरखलं, दोरीची गाठ चाचपली. मग उशाशी आली आणि माझ्या गालावर तळहात ठेवून उभी राहिली.

“गरम आहे,” ती बाईंना म्हणाली.

आणि मग रडली. मी तर आधीपासूनच रडत होते.

पुढच्या आठवड्यात बाईंना वर्गातल्या त्या दवाखान्याच्या जागी दुकान मांडायचं होतं. मुंगीनं हरकत घेतली, पेशंट अजून आत आहे. बाईंनी ऐकलं. बाकीची पोरं कंटाळली तरी दवाखाना हलला नाही. मला घरी सोडलं, मी वॉकर धरून दारातून आत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मुंगीनं वर्गात जाऊन रिबीन सोडली, बाहुलीला खाली उतरवलं, चादरीची घडी घातली आणि सगळ्यांना सांगितलं, “दवाखाना बंद. पेशंट घरी गेली.” मग ती खुर्च्या ओढायला लागली. तिला बस हवी होती.

बाई, त्या चादरीची घडी तुम्ही तिला घालू दिलीत, त्यासाठी मी इथे उभी आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, बालमित्रांनीही सांभाळून घेतलं, मी ऋणी आहे. मी शिवणकाम करणारी; माझा हात कापडावर मापात चालतो, बोलण्याचं माप मला जमत नाही. काही अधिक-उणं झालं असेल तर आपलं माणूस समजून पोटात घाला.