बाविसातले सहा फेरे

बसा हो, बसा — अजून तुमचा नंबर नाही आलेला. तो शिपाई नुसतं दार उघडतो, बाहेर बघतो आणि परत लावून घेतो, त्याला काही अर्थ नसतो. मला विचारा ना. चौतीस वर्षं याच इमारतीत हजेरी लावली मी — पाणी खातं, तळमजला, जिन्याखालची खोली. तेव्हा हा बाक नव्हता, लोक आपले भिंतीला टेकून उभे. आता बाक आहे, पंखा आहे, आणि मला आत कुणी ओळखत नाही. 'आजोबा, बाहेर थांबा.' थांबतो बापडा. पाच मंगळवार थांबलोय. — तुमच्या हातातला तो कागद, निळ्या शिक्क्याचा — संमतीपत्रच ना? म्हणजे तुम्ही वरच्या वस्तीतल्या. आज पाचपर्यंत सही केली तर नव्या जागी घर, नाही केली तर काही नाही, असंच ना? मग सही करायच्या आधी माझं जरा ऐका, बाई. साहेब म्हणतो आजोबांचं वय झालंय. झालंय की, सदुसष्ट. उजवा कान कामातून गेलाय, तुम्ही डावीकडे बसलात ते बरं झालं. पण मोजणं नाही मी विसरलो. मोजणं हेच तर काम होतं माझं.

वॉल्व्हमन. म्हणजे गल्लीगल्लीत पाणी सोडणारा. छातीएवढी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकायची, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण उचलायचं, चावी आत बसवायची आणि फिरवायची. लोकांना वाटतं नळ उघडला की पाणी येतं. पाणी येतं ते फेऱ्यांनी, बाई! कुठल्या गल्लीला किती फेरे, ते आमच्या हातात असतं — हातात म्हणजे खरंच हातात, डोक्यातसुद्धा नाही. चावीच्या दांड्याला कान लावला की कळायचं मला, खाली पाणी धावतंय की रांगतंय. तोच हा कान गेला, बघा. — तर तुमच्या वस्तीचा वॉल्व्ह. पायऱ्या सुरू होतात ना तुमच्या, तिथं, डाव्या हाताला. पूर्ण उघडायला बावीस फेरे लागतात त्याला. मी किती द्यायचो? सहा. सव्वीस वर्षं, रोज, सहा.

नाही, नाही, पाइप बारीक नाही. कुणी सांगितलं? पाइप चांगला मोठा आहे, मी स्वतः टाकताना पाहिलाय. आणि चढाचं म्हणाल तर — थांबा, चढाचं सांगतो. आधी साहेबाचं सांगू द्या. तेव्हाचा साहेब, आता वारला तो. एके दिवशी जिन्याखाली आला, म्हणाला, खालच्या कॉलनीतल्या गच्चीवरच्या टाक्या भरत नाहीत, तक्रारी येतात, वरच्या वस्तीचा वॉल्व्ह आजपासून सहावर ठेव. वकील, डॉक्टर, कंत्राटदार, सगळे कॉलनीत — साहेबाचा बंगलाही तिथंच, ते सोडा. मी म्हटलं, साहेब, लिहून द्या. तर हसला. म्हणाला, लिहून मागणाऱ्यांची बदली कुठं होते माहीत आहे ना? माझी दोन पोरं तेव्हा एवढीएवढीशी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! आणि रोज संध्याकाळी रजिस्टरमध्ये काय लिहायचं — 'वॉल्व्ह पूर्ण सोडला.' खाली सही. माझीच. अक्षर चांगलं होतं माझं, दुर्दैवानं.

सहा फेऱ्यांवर पाणी अर्ध्या पायऱ्या चढायचं आणि दमायचं. वरच्या घरांना करंगळीएवढी धार, तीही वीस मिनिटं. हे मी तुम्हाला काय सांगतोय, तुम्हीच भरलंय ते. एका घराला दोन बादल्या, बाळंतीण असेल तर तीन, आणि ती तिसरी आपल्यातून द्यायची — असा नियमच होता ना तुमच्यात? मला माहीत आहे. कसं म्हणजे? माझी ताई राहायची तिथं. सख्खी. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, शाळेत सोडायला यायची तेव्हा स्वतः अनवाणी असायची. लग्न होऊन वर गेली, अगदी शेवटच्या ओळीत. कामाला खाली कॉलनीत होती, एका बंगल्यात. म्हणजे गंमत बघा — पहाटे उठून रांगेत उभं राहायचं, दोन बादल्या मिळवायच्या, आणि दहा वाजता बंगल्यावर जाऊन रबरी पाइप हातात धरून तासभर हिरवळीला पाणी घालायचं. मी चावी घेऊन त्या रस्त्यानं जायचो तेव्हा दिसायची. हात करायची. मीही करायचो.

एकदा विचारलं तिनं. म्हणाली, अरे, तू पाण्याच्या खात्यात, मग आमच्याकडेच का रे दुष्काळ? मी म्हटलं, ताई, चढ आहे. पाणी काय माणूस आहे का, धाप लागली तरी चढायला? तोंडात आलं ते बोलून गेलो हो! पण तिनं ते वस्तीभर केलं. कुणी कुरकुरलं की ताई म्हणायची, माझा भाऊ खात्यात आहे, तो सांगतो, चढ आहे. दोनदा अर्ज लिहायला बसली होती तुमची माणसं, ताईनंच उठवलं — कशाला कागद फुकट घालवता, म्हणून. घ्या! साहेबाचा हुकूम मी पाळला आणि वस्ती गप्प ठेवली माझ्या बहिणीनं, माझ्या शब्दावर. मला लाज वाटायची. आजही वाटते. पण तेव्हा, खरं सांगू का, लाजेबरोबर थोडं बरंही वाटायचं — चला, तक्रार तर गेली नाही.

भाचीच्या लग्नाच्या दिवशी मात्र राहवलं नाही मला. वीस वर्षं झाली त्याला. घरात पन्नास माणसं येणार आणि ताई आदल्या दिवसापासून शेजारपाजारी भांडी मागतेय, पाणी साठवायला. मी सकाळी वॉल्व्हवर गेलो, कुणी नाही असं बघितलं आणि फिरवायला लागलो. सात, आठ, नऊ — इतकी वर्षं हात तिथं गेलाच नव्हता. बावीस! चावी तशीच टाकून पायऱ्या चढून वर गेलो. काय सांगू तुम्हाला — शेवटच्या ओळीतला नळ आधी खोकला, मग तांबडं थुंकला, मग जो सुटला! बायका घरातून धावत आल्या, हातात सापडेल ते घेऊन, कुणी पातेलं, कुणी टोपली — टोपली हो, घाईत! पोरं नळाखाली नाचली. नवरी मुलगी भिजली आणि रागावली नाही. एक ताई तेवढी उभी. बादली रिकामी हातात, आणि नुसती नळाकडे बघतेय. मला वाटलं, आनंदानं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. कॉलनीत कुणाची तरी आंघोळ अडली होती. मी परत सहावर आणला. ताईला सांगितलं, काल चुकून मोठा पंप चालला होता. ती म्हणाली, असेल. त्यानंतर तिनं मला पाण्याचं कधी म्हणजे कधीच विचारलं नाही. मी म्हटलं, पटलं असावं.

रिटायर होतानासुद्धा सोडलं नाही मी ते, बाई. नव्या माणसाला चार्ज देताना सगळे वॉल्व्ह दाखवले आणि तुमच्यापाशी येऊन म्हटलं, 'हा सहा.' तो म्हणाला, 'बरं.' इतकं सोपं होतं. तेव्हा 'बावीस' म्हटलं असतं तर माझं कोण काय वाकडं करणार होतं? पेन्शन अडेल ही भीती. भीती कसली, सवय! आणि मग तीन वर्षांपूर्वी ताई पडली. अठ्ठ्याहत्तरावी की ऐंशीवी पायरी ती, दोन्ही हातांत कॅन. सत्तरीच्या बाईनं खालून कॅन भरून का न्यावेत हो? वर येत नाही म्हणून! खुब्याचं हाड गेलं. अकरा महिने अंथरुणात काढले तिनं. मी जायचो, पाय चेपायचो, एकदा मला रडू फुटलं तर माझा हात थोपटत म्हणाली, तुझी काय चूक रे, चढच आहे तो. आणि गेली. तिच्या अंगावर शेवटचं पाणी घालायलासुद्धा शेजारून दोन बादल्या मागून आणल्या, बाई. मी भाऊ तिचा. मी काय मेलो होतो का?

हां — आता मुद्द्याचं. तुम्हाला उठवतायत ते कशामुळे? 'उंचीमुळे पाणीपुरवठा अशक्य.' भिंतीवर नोटीस लागली तेव्हा वाचलं मी. हे कुठून आलं? माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी दोघं जण दाब मोजायला आले होते. वर जाऊन नळाला यंत्र लावलं आणि खाली मला निरोप, वॉल्व्ह पूर्ण सोडा. मी चावी बसवली, फिरवली आणि ओरडलो, 'सोडला!' रात्री जेवताना आठवलं — अरे, मी तर सहाच फिरवले. देवाशपथ, मुद्दाम नाही! हात सहावर थांबला आणि माझ्या तोंडानं पूर्ण म्हटलं. सव्वीस वर्षांत माझं 'पूर्ण' म्हणजे सहाच होऊन बसलं होतं. सकाळी जाऊन सांगायला हवं होतं. नाही गेलो. तो आकडा फाइलीत गेला, फाइल आठ वर्षं झोपली, आणि आता उठली ती तुम्हालाच उठवायला. गावाबाहेर, जिथून कॉलनीत कामाला यायचं तर दोन बस बदलाव्या लागतील. आणि रिकाम्या झालेल्या डोंगरावर काय बांधणार, पाण्याशिवाय? बांधतील हो. तेव्हा चढेल पाणी.

आतल्या साहेबाला सगळं सांगितलं मी. वाईट नाही तो, ऐकून घेतलं. मग रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. पानोपान — पूर्ण सोडला, पूर्ण सोडला. म्हणाला, आजोबा, ही सही तुमचीच ना? मग तेव्हा खोटं लिहीत होतात की आता खोटं बोलताय? म्हटलं, वॉल्व्ह उघडून बघा. तर गेल्या वर्षी तिथं काँक्रीटचा रस्ता झाला, चेंबर खाली गाडलं गेलं. वॉल्व्ह आहे तसाच, सहावर. रस्ता फोडायचा तर पुरावा द्या. आता त्यानं एवढंच म्हटलंय की वस्तीतल्या एका माणसानं येऊन लिहून द्यावं — अमुक दिवशी वरच्या नळाला पूर्ण पाणी आलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. एकानं! भाची परदेशी, तिचा फोन लागत नाही. बाकी माझं तोंड बघायला कुणी तयार नाही, 'तिकडे नळ घरात आहे' म्हणून सगळे सह्या करून मोकळे. तुम्हालाही तेच हवंय? गुडघे गेलेत, हो, दिसतंय मला. घरात नळ कुणाला नको! मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? पण तुम्ही त्या लग्नात — होतात ना तुम्ही? लाल पातेलं घेऊन आली होती एक बाई, ती तुम्हीच का?

हो? मग चला की आत! दोन ओळी — थांबा, जरा मोठ्यानं बोला. मघापासून ओळखलंत मला? मग बोलला का नाहीत? — काय? ताईला काय माहीत होतं? नाही हो. छे, तिला कसं... कुणी सांगितलं? तिनंच? कधी — त्याच दिवशी, नळापाशी? 'हे माझ्या भावाच्या हातात होतं गं.' असं म्हणाली? रडली का? — नाही रडली. बरं. मग? ... शब्द घेतला तुमच्याकडून. कुणापाशी बोलायचं नाही. भावाची पोरं शिकतायत, नोकरी गेली तर तो उभा राहायचा नाही. म्हणजे ते अर्ज, ते 'चढ आहे', त्या दिवसानंतरचं सगळं — ते तिनं जाणून? आणि कॅन घेऊन रोज खाली? मी समजत होतो मी तिला फसवतोय. ती मला सांभाळत होती, बाई. अठरा वर्षं, मरेपर्यंत. मी तिच्या हिश्शाचं पाणी तोडत होतो आणि ती मला पाठीशी घालत होती.

पण आता ती नाही ना! माणूस गेल्यावर शब्द सुटतो. सुटतो ना? होऊ दे माझं नाव खराब, मी स्वतःच सांगतोय, मी मोकळं करतो तुम्हाला — हो. हो, खरं आहे. मला नव्हता दिला तुम्ही शब्द. तिला दिला होता. सोडवायचा तर तिनंच सोडवायला हवा.

पुकारलं तुम्हाला. तुमचंच नाव. उठा, काठी राहिली बघा. नाही, माझ्याकडे नका बघू, काही झालेलं नाही मला. जा तुम्ही. करा सही. जा, बाई.