लालभडक बास अन् फुकटचे पारखी

...नाई नाई, तुमीच सांगा! चप्पल घेतो तं पायात घालून पायतो का नाई? टरबूज घेतो तं ठोकून पायतो का नाई? मंग माहा बास गिटार घ्याले येनारा हरेक मानूस त्याले नुसता न्याहाळत काहून बसते? अबे, वाजवून तं पाय ना!

तुमाले सांगतो, जपानी बास हाये तो, सत्त्याहत्तर सालचा. चार जाड तारा, बिजलीवर चालते, अन् लावला की पोटात घुमते! अख्खी हयात त्याच्यावर भीमगीतं वाजवली म्या, वलगावपासून वरूडपर्यंत एक मंडप सोडला नाई. आता बोटं आखडली. चहाचा कप धरवत नाई, तं तार काय दाबतो घंटा! कोपऱ्यात मुका पडून राहिला तो, अन् मले ते पायवत नाई, खरं सांगतो. म्हनून ठरवलं, वाजवनाऱ्याच्याच हाती द्याचा.

आता आपल्याकडे बैल बाजारात नेतो तं शिंगं रंगवतो का नाई? इकाची वस्तू मळकट कोन दाखवते? म्या जुना रंग घासून काढला अन् गाड्या रंगवनाऱ्या बुधाजीकडून लालभडक मारून घेतला. असा चमके, असा चमके, की माधवी, माही बायको, त्याच्यात पाहून भांग पाडे!

मोबाइलवर जाहिरात टाकली. पयला फोन पुन्याहून! "अहो काका, हा मूळचा रंग नाही वाटतं?" म्हटलं, नाई, त्याच्याहून चांगला हाये. "अरेरे! काय केलंत हे! जुन्या वाद्याचा रंग उडालेला असतो ना, त्यालाच तर मोल असतं! सगळी वाट लावलीत हो!" घ्या! याले पोपडे पाहिजे! म्हटलं, भाऊ, तुले सूर पाहिजे का पोपडे? एक डाव ये, वाजवून तं पाय! ठेवला ना फोन त्यानं.

मंग अकोल्याहून पियुष आला, ढाबेवाला. गाडीभर खानदान घेऊन, पोरगी पाहाले आल्यावानी! बायकोनं बास पोटाशी धरून फोटो काढले, त्यानं पोहे हानले, अन् म्हनते कसा, "काकाजी, पीस एकदम झकास! काउंटरच्या मागं टांगतो. तारा काढून टाकू, गिऱ्हाईक उगाच छेडते." तारा काढून टाकू! माह्या डोक्यात अशी सनक गेली सांगतो! म्हटलं, चहा पेला? पेला. उठ आता! वाजवून पाहाची तं गोष्टच सोड, हा तं त्याची जीभ छाटाले आला होता!

इकडे माधवी माह्यावर उखडली. "अवो, घेऊन राहिला होता ना तो! टांगू द्याचा होता! मले त्या कोपऱ्यात कुलर ठेवाचा हाये, घामानं जीव चालला माहा!"

अन् मंग आला देवराव. वलगावचा, रिटायर तलाठी. हेल्मेट काढलं, रंगाकडे ढुंकून पाह्यलं नाई, हळूच इचारलं, "वाजवून पायू का?" आईशपथ, रडूच येत होतं मले! "सातबाऱ्यात जिंदगी गेली भाऊ," म्हने, "आता हौस करतो." वाजवलं. बेसूर! सपशेल बेसूर! पन डोळे मिटून! म्हटलं, घेऊन जा लेका, तुहाच हाये.

दुसऱ्या दिवशी दारात उभा, बास खांद्यावर. "भाऊ, आमची रुख्मिणी म्हनते, घरात एक तं हा राहीन नाई तं मी. इथंच असू द्या. मी येऊन वाजवत जाईन."

तवापासून रोज येते! कुलरच्या जागेवर देवराव! आवाज फुल, भांडे थरथरून राहिले, अन् तो एकच गानं वाजवते, तेही चुकीचं. "अबे, तिसरी तार, तिसरी!" ओरडून घसा बसला माहा. माधवी बहिनीकडे निघून गेली. हाकलून द्यावं वाटते त्याले. पन कोन्या तोंडानं हाकलू? वाजवून पाय, वाजवून पाय... मीच तं बोंबलत होतो ना!