चुकवलेली तिहाई

मंडळी, ऐका! आज देवळाच्या पायरीवर मला एका तरुणानं अडवलं. हेल्मेट काखेत, गळ्यात हेडफोनची माळ. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "ताई, मोटारसायकल चालवताना गाणी ऐकली तर पाप लागतं का?" मी म्हटलं, "बाबा, कसली गाणी?" तर लगेच कान धरून म्हणाला, "छे छे, ताई! फक्त अभंग!"

आता सांगा! कानात देवाचं नाव, हातात गाडी. नाही म्हणावं तर देव रागावणार, हो म्हणावं तर याची आई रागावणार! मग मी म्हटलं, रात्री कीर्तनाला ये. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण आमच्या घरात घडलेली गोष्ट आहे.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, पखवाजी. याच देवळात, याच खांबाला टेकून बसायचे, तुम्ही ऐकलंय त्यांना. आणि गोष्टीतला दुसरा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ दिगंबर. कुठाय म्हणता? हा काय, माझ्या डावीकडे, पखवाज घेऊन! दादा, मान वर कर! आज तुझंच आख्यान आहे!

तर दादाला अभंग ऐकायची भारी आवड. गाडीला किल्ली लागायच्या आधी कानात बोंडं लागायची. एका सप्ताहाला बापलेक निघाले इकडंच यायला. पखवाज मागच्या कॅरिअरवर बांधायचा. दोर सापडेना, म्हणून दादानं गोठ्यातलं म्हशीचं दावं आणलं. कानात अभंग चालूच! नाना म्हणाले, "दिग्या, गाठ बघ रे नीट."

दादा म्हणाला, "हो हो!"

ऐकलं का त्यानं? काही नाही! कानात बोळे असले की माणूस सगळ्याला हो म्हणतो. हसू नका, कित्येकांची लग्नं अशीच ठरली आहेत!

निघाले. दादाच्या डोक्यावर हेल्मेट, हेल्मेटच्या आत हेडफोन, हेडफोनच्या आत टाळमृदंग! आणि कानात गाणं असलं की माणसाला वाटतं, आपला आवाजही तसाच गोड आहे. दादा मोठमोठ्यानं गाऊ लागला. रस्त्याकडेच्या शेळ्यांनी चरणं सोडलं, मंडळी! मागं नाना मुकाट बसलेले. लेक बेसूर असला तरी देवाचं नाव घेतोय. बाप सोसतो!

बोरखिंडीचा घाट लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला — काही नाही. उतार सुरू झाला, खड्डा आला, आणि नानांना मागं काहीतरी घसरल्यासारखं वाटलं. वळून बघतात तो गाठ सुटलेली! पखवाज कलंडलाय आणि दाव्याचं मोकळं टोक मागच्या चाकाजवळ नाचतंय. ते चाकात गेलं की चाक जागच्या जागी आवळणार. आणि पुढं? पुढं मी सांगायला नको.

नानांनी डाव्या हातानं पखवाज दाबून धरला. दावं काही हाताला येईना. ओरडले, "दिग्या, थांब!"

पुढून उत्तर काय? अभंगाचं दुसरं कडवं!

"अरे थांब! दावं सुटलंय!"

तिसरं कडवं!

खांदा ओढावा तर वळणावर गाडी कलायची. राहिला एक उजवा हात. त्या हातानं नानांनी लेकाच्या पाठीवर धपाधप मारायला सुरुवात केली — थांब, थांब, अरे थांब!

आता गंमत ऐका. पखवाजी माणूस घाबरला तरी लयीतच घाबरतो! जन्म गेला त्यात, हात दुसरीकडे पडतच नाही. जिवाच्या आकांतानं मारलेल्या थापा, पण एकूण एक ठेक्यात! आणि दादाला काय वाटलं? "वा! नाना रंगात आले!" त्याच्या अंगावर काटा आला. बाप आपल्या गाण्याला साथ करतोय! त्यानं मान डोलावली, आणि गाडी आणखी पळवली!

नाना जितकं मारतायत, तितका हा पळवतोय. तेवढ्यात नानांच्या लक्षात आलं, की आपण साथ देतोय म्हणून हा थांबत नाही. आपण चुकलो तरच थांबेल!

पण चुकायचं कसं? तुम्हाआम्हाला सोपं आहे हो! सकाळपासून आपण दुसरं करतो काय? पण ज्याचा हात कधी चुकला नाही, त्यानं चुकायचं म्हणजे!

तिहाई म्हणजे काय, माहीत आहे ना? एकच बोल तीनदा वाजवायचा, आणि तिसऱ्याचा शेवटचा ठोका बरोबर समेवर पडला पाहिजे. आपले पाहुणे निघताना कसे "येतो, येतो" म्हणून बसून राहतात, आणि तिसऱ्यांदा "येतो" म्हणाले की खरंच उठतात! तो तिसरा "येतो" म्हणजे सम. नानांनी डोळे मिटले. दादाचं गाणं कान देऊन ऐकलं, सम नेमकी कुठं येते ते हेरलं. आणि लेकाच्या पाठीवर एका हातानं तिहाई घेतली. एकदा — दोनदा — तिसऱ्यांदा — आणि ठोका दिला समेच्या अलीकडे!

करकच्चून ब्रेक! दादानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हेल्मेट काढलं, बोंडं उपटली आणि पांढऱ्या पडलेल्या तोंडानं म्हणाला, "नाना, काय झालं? बरं वाटत नाही का? तुमची तिहाई चुकली!"

नाना म्हणाले, "चुकली नाही मुडद्या! चुकवली! मागं बघ!"

दादानं मागं बघितलं. दाव्याचा एक वेढा चाकाच्या आसाला बसलेला. एकच. तो चाकाशी वाकला, वेढ्याला बोट लावलं. म्हणाला, "नाना, मी देवाचंच ऐकत होतो हो."

नाना दावं सोडवत म्हणाले, "देव कानात कशाला बसेल रे? तो मागं बसून बोंबलत होता."

मग पखवाज पुसला, गाठ स्वतः मारली, आणि इथं येऊन कीर्तनात वाजवलं. दादानं भीत भीत विचारलं, "रागावलात?" तर म्हणाले, "तुझा राग नाही. हात चुकवावा लागला, त्याचा आलाय."

नाना गेल्या मार्गशीर्षात गेले. घरीच, झोपेत. दादा अजून बोरखिंड उतरताना त्या वळणावर गाडी थांबवतो, मागं वळून बघतो. गाठ घट्टच असते.

तर मंडळी, हेल्मेटवाला तो मुलगा कुठं बसलाय? हां, तिकडं! बाबा रे, पाप लागतं का, ते मला माहीत नाही. अभंग ऐक, भरपूर ऐक. घरी बसून ऐक, इथं येऊन ऐक. पण गाडीवर कान मोकळे ठेव. आणि बाकीच्यांनी हसू नये! तुमच्यापैकी किती जण गाडीवर नसतानाही कानात बोळे घालून हो हो म्हणतात, ते तुमच्या घरी विचारून येऊ का? मागचा माणूस पाठीवर थापा मारतोय आणि आपण समजतो, वा, साथ मिळतेय! सगळ्यांच्या मागं नाना बसलेले नसतात. आणि नानाही कायम बसलेले नसतात.

चला, भजन म्हणूया. टाळकरी, उभे राहा. आणि दादा, शेवटी नानांची तिहाई घे.

नाही, समेवर नको. त्यांनी घेतली होती तशीच. चुकव.