दाराखालचा उजेड

नत्थूजी : हे काय वं कौशल्या? जनरेटर धडधडून राहिला, अन् बापापुढं कंदील आणून ठेवते?

कौशल्या : लाईन गेली ना बाबा. दुलई घ्या अंगावर.

नत्थूजी : लाईन गेली ते मलेही दिसते. मग मशीन कोणासाठी सुरू आहे?

चंद्रभान : मामाजी, लहान मशीन आहे जी. एकाच खोलीचा भार घेते.

नत्थूजी : मग ही खोली घ्या ना, जावईबापू. कन्हानहून सासरा आला थंडीत कुडकुडत. एक बल्ब तर लावा.

कौशल्या : बल्बच नाही बाबा इथं.

नत्थूजी : तेच पाहून राहिलो. इथला होल्डर रिकामा, चुलीजवळचा रिकामा, अंगणातलाही काढला. अन् मागच्या खोलीले कुलूप, तिच्या दाराखालून उजेड. सगळे दिवे तिथं काय करून राहिले?

चंद्रभान : उद्या दाखवतो जी.

नत्थूजी : आज काहून नाही?

चंद्रभान : आज दार उघडता येत नाही.

नत्थूजी : उबट वासही येते तिकडून. हातभट्टी तर नाही ना टाकली?

कौशल्या : बाबा! हे विडीही ओढत नाहीत.

नत्थूजी : विकणारा थोडीच पिते! अन् तू आल्यापासून कानाले फडकं बांधून काहून फिरून राहिली? सोड ते.

कौशल्या : थंडी वाजते.

नत्थूजी : सोड म्हणतो ना.

कौशल्या : घ्या. सोडलं.

नत्थूजी : झुमके कुठं आहेत?

कौशल्या : इतवारीत सोनाराले दिले.

नत्थूजी : गहाण?

कौशल्या : नाही. मोडले.

चंद्रभान : मी नको म्हटलं होतं जी...

कौशल्या : हे दुकानाबाहेरच उभे राहिले. आत मीच गेली, मीच काढून दिले.

नत्थूजी : घे, नवऱ्याचीच बाजू घे. तुझ्या मायच्या कानातलं त्या खोलीत जळून राहिलं, अन् मी इथं कंदील पाहत बसू? आधी ते मशीन बंद करतो.

चंद्रभान : मामाजी, हात नका लावू! आजच्या दिवस—

(जनरेटर बंद पडतो. दाराखालचा उजेड जातो.)

नत्थूजी : आता उघडा कुलूप. उघ... थांबा. हे आत काय वाजून राहिलं?

कौशल्या : पिल्लं.

नत्थूजी : कायची?

कौशल्या : कोंबडीची, बाबा. पेटीत अंडी मांडली आहेत, बल्बांच्या उबेवर. आज फुटून राहिली.

नत्थूजी : कोंबडीशिवाय?

चंद्रभान : हो जी. पण ऊब गेली की जिथल्या तिथं मरतात. मिल बंद झाली, आता हेच आहे हाती.

नत्थूजी : मग सांगायले काय झालं होतं वं?

कौशल्या : तुम्ही पहिले झुमकेच विचारले असते.

नत्थूजी : ...जावईबापू, माझ्या तोंडाकडे काय पाहता? ओढा ना मशीनची दोरी!

चंद्रभान : ओढून राहिलो जी. धरत नाही लवकर.

नत्थूजी : कौशल्या, ही दुलई घे. टाक पेटीवर.

कौशल्या : (कुलूप काढून कंदील घेऊन आत जात) अन् तुम्ही? आत तरी या बाबा, पाहा. एकानं चोच बाहेर काढली.

नत्थूजी : उद्या पाहीन. तू दार लोट आधी. ऊब चालली.