उंटाला लागलेला हात

मंडळी, ऐका! सोपा प्रश्न विचारतो. माणूस गेला की त्याची आठवण कशी ठेवायची? काय म्हणता काका? फोटो? हार? उत्तम! आणि दोन मिनिटं शांतता — त्यात एकाचा मोबाईल वाजणारच!

तर गडहिंग्लजला हेर्लेकर सर होते. बुद्धिबळातला मोठा माणूस! अर्ध्या गावाला त्यांनी पट शिकवला. शिष्य हरला की म्हणायचे, "वा! आता कसा हरलास ते सांग!"

त्यांचे दोन लाडके शिष्य. एक भीमाण्णा चौगुले, पिठाची गिरणी चालवणारा. दुसरा सदाशिव तोडकर, एसटीत कंडक्टर. एकदा स्पर्धेत दोघं समोरासमोर आले. सदाशिवानं उंट हलवायला हात नेला, अन् झटकन मागे घेऊन घोडा उचलला! आता नियम काय? ज्या मोहऱ्याला हात लावला, तेच हलवायचं!

"हात लावलास!"

"नाही लावला!"

पट उधळला, डाव तिथंच राहिला. झाला अबोला, तो वर्षानुवर्षं! भीमाण्णा एवढा हट्टी, की एसटीत सदाशिव दिसला की खाली उतरायचा — अन् भर उन्हात चालत जायचा! सर दोघांना विनवायचे, "अरे, तो डाव पुन्हा लावा की! मला बघायचाय!" ऐकतोय कोण?

आणि सर गेले.

शोकसभा भरली सरांच्याच घरी. सदाशिव उभा राहिला. डोळे पुसत म्हणाला, "सरांनी मला सचोटी शिकवली..."

भीमाण्णाला राहवेना! ताडकन उठला — "सचोटी? अन् तो उंट?"

अहो, शोकसभेत उंट! लोक दचकले! सदाशिव ओरडला, "लाव पट! दाखवतो!"

सरांच्या फोटोखालीच पट मांडला. दोघांना चाल न् चाल पाठ! लोक खुर्च्या सरकवून भोवती जमले. अध्यक्ष भाषण विसरून सांगतायत, "प्यादं सांभाळ, प्यादं!" डाव नेमका उंटापाशी आला. पुन्हा तेच — लावलास! नाही लावला! शेवटी भीमाण्णा सवयीनं वळला, "सर, तुम्हीच सांगा हो—"

समोर फोटो. हार घातलेला.

भीमाण्णाचा हात तसाच वर राहिला. एवढी वर्षं आपण भांडलो ते कुणाच्या जिवावर? सर आहेत, कधीतरी निवाडा करतील, याच्याच ना! खाली बघत म्हणाला, "सदा... हलव घोडा."

"अन् उंट?"

"खड्ड्यात गेला उंट! हलव म्हणतो ना!"

सदाशिवानं घोडा हलवला. आणि मंडळी — थोड्याच वेळात भीमाण्णावर मात! सगळ्यांदेखत! भीमाण्णा डोळे फाडून पटाकडे बघतोय... अन् खो खो हसत सुटला! हसता हसता रडला! सदाशिवानं त्याला मिठी मारली. शोकसभेत टाळ्या!

आतून काकू आल्या, सरांच्या पत्नी. पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "हे गेल्यापासून घर कसं मुकं झालं होतं रे. आता जेवूनच जा दोघं."

हार काय, तुम्हीही घालाल हो! पण ते माणूस जिवंतपणी तुम्हाला काय विनवत होतं? "भावाशी बोल," "सुनेला माहेरी पाठव," — आठवतंय? कुणी कुणी माना खाली घातल्या, दिसतंय मला इथून! ज्याचं दार टाळून इथवर आलात ना, परतताना त्याची कडी वाजवा. हरी तिथंच उभा असेल! धरा टाळ — बोला, पांडुरंग हरी!