उर्वीचा केक

अमेरिकेतल्या अर्विंग गावच्या इंडियन बेकरीत रांगेत पुढे दोन मुली मराठीत बोलताना दिसल्या, तसे सुनेत्राकाकूंचे कान टवकारले.

"चारुता, केकवर काय लिहायचं ते तू सांग हं."

"मी? उर्वीचं कौतुक माझ्या तोंडून? तिच्या यीस्टनं रोगाशी लढणारं माणसाचं प्रोटीन बनवलं. माझं यीस्ट नुसतं खाऊन फुगतंय!"

"अगं, नशीब एकेकाचं."

"नशीब कसलं, स्वानंदी? यीस्टची प्लेट माझी होती! मी त्यातल्या ठिपक्यांसारख्या कॉलनीजपैकी गुबगुबीत तेवढ्या उचलल्या, किडमिडीत तशाच सोडल्या. उर्वी म्हणाली, 'फेकणार असशील तर मी घेऊ का?' घे म्हटलं. त्याच किडमिडीत कॉलनीजनी ढीगभर प्रोटीन दिलं, यार!"

"मग रिसर्च पेपरमध्ये तुझं नाव घालायला सांग ना तिला."

"तिनं आपणहून घातलंय. वर सगळ्या लॅबसमोर थँक्यू म्हणाली."

"मग चिडतेस कशाला?"

"म्हणूनच! मेलीनं मला धड रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाही."

तेवढ्यात काउंटरवरच्या भाईंनी विचारलं, "केक पे क्या लिखूँ, बेटा?"

"काँग्रॅट्स उर्वी," चारुता म्हणाली. "लेकिन भैया, छोटा लिखना."