पायडलवरची फळी

नाही, ती फळी काढायची नाही. हात काढा आधी. मूळ मशीनला अशी फळी नसते, माहीत आहे मला, कंपनी कशाला देईल — पायडलवर तारेनं बांधलीय ती. आणि संग्रहालयात ठेवायचं म्हणजे मशीन अगदी मुळासारखं दिसायला हवं म्हणता, तर नवंच घ्या की एखादं. आमच्या दारात कशाला आलात? आणि ही पाटी काय छापून आणलीत — ‘शहरातल्या नामवंत शिंप्याचं शिलाई मशीन.’ शिंप्याचं, म्हणजे आमच्या बाबांचं. काल तुम्ही त्यांना विचारलंत आणि त्यांनी सांगितलं, कुणाकुणाला कोट शिवले ते — बोलण्यात त्यांचा हात कोण धरणार. आता एक करा, त्या स्टुलावर बसा. बसा हो, मोडत नाही. ठेवा पाय फळीवर. काय झालं? आपटले ना गुडघे? तुमचे आपटतात, आणि बाबा तर तुमच्याहून उंच. मग यावर शिवलं कुणी? आईनं. बुटकी होती, पाय पोचायचा नाही, म्हणून फळी. बाबा पुढं गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप टाकणार, आरशात बघून ‘शोभतोय’ म्हणणार, आणि पडद्यामागं ही वाकलेली. कोट तिचे, वाहवा यांची.

इकडे या. या लोखंडी पायाचा रंग उडालाय ना, तो गंजानं नाही, कापडाच्या पट्टीनं. आई मला बांधून ठेवायची इथं — रांगत होते मी, आणि खाली सुया, कात्र्या, काय वाटेल ते पडलेलं. या लाकडी खणाची कड कुरतडलेली दिसते तीही उंदरांनी नाही, मी. दात येत होते. हे सगळं तुम्ही घासून चकचकीत करणार, मग तिचं राहिलं काय? धड फोटोसुद्धा नाही तिचा.

काय? फळी काढायला बाबांनीच सांगितलं? काल?

बघा म्हणजे. अहो, ती बांधली कुणी? त्यांनीच. तिची पोटरी सुजायला लागली तेव्हा स्वतः तासून, तार वळून बांधली, मी पाहिलंय. म्हणून तर राग येतो. माणसाला माहीत नसतं तर सोडून दिलं असतं, यांना सगळं माहीत आहे — हळू का बोलू? झोपलेत कुठले, झोपले की घोरतात, आणि मघापासून आत चिडीचूप आहे. ऐकू दे. त्यांना अंघोळ घालते, भरवते, त्यात कधी कुचराई केली नाही, करणार नाही. पण आई गेली त्या दिवशी बाबा आल्यागेल्याला सांगत होते, ‘कामात मला मदत करायची हो.’ मदत म्हणे. पाटीवर तिचं नाव येणार असेल तर मशीन न्या, फळीसकट, या खुणांसकट. नाहीतर हा टेम्पो रिकामा परत —

बाबा, उठलात कशाला? भिंत धरा. काय म्हणालात?

तिचं नाव घेतलंत? जन्मभर नुसतं ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’, आणि आता —

परत म्हणा. जरा मोठ्यानं. हे लिहून घेतायत.